उत्तर मराठीत चालेल

इंग्रजीच्या तासाला प्रश्न विचारायचा तो बाईंनी आणि उत्तर द्यायचं ते मुलांनी, ही वहिवाट इतकी जुनी आहे की तिच्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही. बाई पेन उंच धरून विचारतात, 'व्हॉट इज धिस?' वर्ग एका सुरात ओरडतो, 'धिस इज अ पेन.' पेन बाईंनाही दिसतंय, पोरांनाही दिसतंय. मग विचारायचं कशाला? आपल्याकडे इंग्रजी पूर्वी पाचवीला सुरू व्हायचं, २००० सालापासून ते पहिलीला आलं. तरी पाचवीत माझ्यापुढे बसलेल्या मुलाला इंग्रजीत एखादा प्रश्न स्वतःहून विचार म्हटलं की तो शेजारच्याकडे बघतो. चार वर्षं त्यानं नुसती उत्तरंच दिलेली असतात.

पुरंदर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवते. चित्रकोड्यांकडे वळले ती ही वहिवाट उलटी फिरवायला. साहित्य म्हणाल तर जुनी कॅलेंडरं, रविवारच्या पुरवण्या आणि बी-बियाण्यांच्या दुकानातली माहितीपत्रकं. त्यातली ठळक चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची. एक मोठं खाकी पाकीट घ्यायचं आणि त्याला पुढून दोन बोटं रुंदीची खिडकी पाडायची. चित्र आत, खिडकीतून दिसतो तो फक्त तुकडा. मुलांनी विचारत राहायचं, मी 'यस' किंवा 'नो' एवढंच म्हणणार. नियम एकच आणि तो लोकांना उफराटा वाटतो: उत्तर मराठीत चालेल, प्रश्न मात्र इंग्रजीतच पाहिजे.

'मग इंग्रजी कसलं शिकवता बाई तुम्ही?' असं मला स्टाफरूममध्ये ऐकवून झालेलं आहे. पण एकदा सीताफळाचं कोडं बघा. खिडकीत फक्त साल, तीही मोठी करून छापलेली: हिरवट, खवल्याखवल्यांची. पहिला आवाज आला, 'क्रोकोडाइल!' मी म्हटलं, प्रश्न विचारा. 'इट इज क्रोकोडाइल?' मराठीत 'का' शेवटी लावला की प्रश्न होतो, म्हणून मुलं इंग्रजीतही वाक्य जसंच्या तसं ठेवून नुसता आवाज चढवतात. मी मध्येच व्याकरण काढत नाही. उत्तर देताना म्हणते, 'इज इट अ क्रोकोडाइल? नो, इट इझंट.' चार-पाच प्रश्न झाले की 'इज इट' आपोआप पुढे सरकतं. मग आलं 'इज इट अ टॉर्टॉइज?', मग 'कॅन इट वॉक?', आणि मागच्या रांगेतून एक हुशार प्रश्न, 'कॅन वी ईट इट?' यस म्हटल्याबरोबर मगर-कासवं बाद झाली.

तेवढ्यात एका पोरानं अगदी निरागस चेहऱ्यानं विचारलं, 'डझ इट हॅव आइज?' वर्ग पुन्हा प्राण्यांकडे धावला. त्या पठ्ठ्याच्या घरी सीताफळाची बाग. फळाचे डोळे उघडले की ते तोडायला आलं, हे त्याला पाळण्यातच कळलेलं. उत्तर ओळखून तो बाकीच्यांना चकवत होता, तेही इंग्रजीत. 'यस अँड नो' म्हणून मी कशीबशी सुटका करून घेतली. शेवटी 'सीताफळ!' असा गलका झाला तेव्हा 'कस्टर्ड ॲपल' हे नाव मी फळ्यावर लिहिलं. वर्गात कुणालाच ते येत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

यात माझं स्वतःचं शोधलेलं फार नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. व्याकरणाचा पाठ बाजूला ठेवून मुलांपुढे सोडवायला काहीतरी ठेवायचं, म्हणजे डोकं त्यात गुंततं आणि भाषा मागून येते, असं त्यांचं म्हणणं. तर्क लढवावा लागेल अशा कामांवर त्यांचा विशेष भर होता. आणि आमच्या पोरांना तर्क शिकवावा लागत नाही. आजीच्या मांडीवर उखाणे सोडवूनच ती शाळेत येतात.

खरी मेहनत चित्र निवडण्यात आहे. हत्तीची सोंड दाखवली तर खेळ एका श्वासात संपतो. बाजारातल्या तक्त्यांवरचा इग्लू आणि झायलोफोन दाखवला तर सुरूच होत नाही. वस्तू घरातली हवी, पण अनोळखी कोनातून दिसली पाहिजे: खालून पाहिलेली छत्री, किसणीची भोकं, टायरची नक्षी, कोंबड्याचा तुरा. शाळेत लोकवर्गणीतून आलेला मोठा टीव्ही आहे, पण या कामाला मी तो लावत नाही. पाकिटातलं चित्र बोटभर सरकवायचं की रोखून धरायचं, हे मुलांचे चेहरे बघून ठरतं. शिवाय पाकिटाला वीज लागत नाही.

पहिल्याच झटक्याला ओरडून सगळ्यांची मजा घालवणारा एक जण प्रत्येक वर्गात असतोच. त्याला मी पाटी देते. उत्तर लिहून पाटी पालथी घालायची आणि पुढे येऊन माझ्या जागी उभं राहायचं. बाकीच्यांना 'यस', 'नो' आता तो सांगणार. ओरडायची खोड मोडायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

चित्रं जोडून शब्द करायचा दुसरा प्रकारही आहे. पाऊस आणि धनुष्य काढलं की 'रेनबो'. तो लिपीइतकाच जुना: इजिप्तच्या नार्मर राजाचं नाव पाच हजार वर्षांपूर्वी मिशांचा मासा आणि छिन्नी अशा चित्रांनी कोरलेलं आहे, कारण त्या दोन वस्तूंचे उच्चार जोडले की राजाचं नाव होतं. पण पाचवीला हा प्रकार जड जातो. मी कार आणि कुत्रा काढला, मला हवं होतं 'कार्पेट'. वर्ग म्हणाला, 'कारडॉग!' दुसऱ्या दिवशी एका मुलीनं तेच कोडं सुधारून आणलं. कारशेजारी पोट धरून बसलेला मुलगा. हिंदीतलं 'पेट'! मी पूर्ण गुण दिले. तरी माझं मत असं, की हा खेळ आधीच येत असलेल्या शब्दांवर चालतो, मुलांना बोलतं करत नाही. सहावीच्या दिवाळीनंतर आठवड्यातून एखादा पुरे.

या कोड्यांनी स्पेलिंग सुधारत नाही, हेही सांगून टाकते. त्यासाठी वही-पेन्सिलच लागते, तिथे सुटका नाही. वार्षिक परीक्षेतही प्रश्न विचारण्याला वेगळे गुण नसतात, त्यामुळे गुणपत्रिकेत याचा काही उजेड पडत नाही. शेजारच्या वर्गाला आवाजाचा त्रास होतो तो वेगळाच. मी म्हणून शेवटचा तास मागून घेतला आहे.

डिसेंबर संपला की घरोघरची कॅलेंडरं रद्दीत जातात. फळं, जनावरं, अवजारं, बाजार, असली मोठी चित्रं असतील तर ती जवळच्या शाळेत नेऊन द्या. देवादिकांची नकोत, त्यांना कापायला मुलं तयार होत नाहीत.