कुंडाच्या पायऱ्या

मनुष्य आपले दारिद्र्य लपवितो, अज्ञान लपवितो, क्वचित आपले वयही लपवितो. परंतु आपली भीती लपविताना तो जे कौशल्य दाखवितो, त्याला तोड नाही. माझेच उदाहरण घ्या. चाळीसहून अधिक वर्षे मी पाण्याला भीत आलो, आणि त्यांतली बहुतेक वर्षे एक चिंतनशील निसर्गप्रेमी म्हणून ओळखला गेलो. सहलीला गेल्यावर मित्रमंडळी डोहात उतरली, की मी काठावरच्या एखाद्या खडकावर पुस्तक उघडून बसे. ‘प्रोफेसरांची समाधी लागली’ असे म्हणून ते मला सोडून देत. त्या पुस्तकाचे पान तासभर उलटले जात नसे, हे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही.

या भीतीचा जन्म मला नेमका ठाऊक आहे. मी आठ वर्षांचा होतो. भिवंडीपासून थोड्या अंतरावर आमच्या शेतात एक विहीर होती. पाण्यात पडले की पोहता येते, या म्हणीवर आमच्या अण्णांचा वेदवाक्यासारखा विश्वास. त्यांना त्यांच्या वडिलांनी तसेच शिकविले होते. एके दिवशी सकाळी त्यांनी माझ्या पाठीला सुका भोपळा बांधला आणि मी थारोळ्यापाशी वाकून खाली पाहत असताना मागून हलकेच ढकलले. हिरवा काळोख, नाकातोंडात शिरलेले पाणी आणि कानांत घुमणारा स्वतःचाच आवाज, एवढेच मला आठवते. मिनिटाभरात त्यांनी उडी टाकून मला वर काढले. ते हसत होते. पण मला धरलेला त्यांचा हात कापत होता. दुसऱ्या दिवशी मी पेंढ्याच्या उडवीमागे दडून बसलो. अण्णांनी मला शोधले नाही. पुढे आम्ही दोघांनीही तो विषय कधी काढला नाही.

भीतीचे हे सोंग कायमचे निभावले असते, तर मी हा लेख लिहिला नसता. बारा वर्षांपूर्वी अण्णा गेले. अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो. रामकुंडाच्या पायऱ्यांवर गुरुजींनी मला, थोरल्या मुलाला, पाण्यात उतरण्यास सांगितले. पाणी फार तर मांडीपर्यंत होते. लहान मुले त्यात खेळत होती. मी शेवटच्या कोरड्या पायरीवर उभा राहिलो आणि माझे पाय तिथून हलेनात. ‘मला सर्दी झाली आहे,’ असे काहीतरी मी पुटपुटलो. धाकट्या भावाने माझ्या हातातले गाठोडे घेतले आणि तो उतरला. आईने माझ्याकडे एकदा पाहिले व नजर दुसरीकडे वळविली. तिने मला रागाने काही म्हटले असते, तर ते मी कदाचित विसरलो असतो.

पुस्तकी माणूस संकटात पुस्तकाकडेच धावतो. मी भीतीविषयी वाचू लागलो. महाकवी गटेला तरुणपणी उंचीवर घेरी येत असे. स्ट्रासबुर्गला विद्यार्थी असताना तो तेथील प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यावर एकटा चढे, वर पोहोचल्यावर काही वेळ आडोशाला बसे आणि मग उघड्यावरच्या अरुंद चौथऱ्यावर जाऊन उभा राही. भीतीचे काही वाटेनासे होईपर्यंत त्याने हे पुनःपुन्हा केले. त्याच्या आत्मचरित्रात ही हकीकत आहे. पुढे 1920 मध्ये अमेरिकेत वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या मुलाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती मुद्दाम निर्माण केली: मुलाने उंदराला हात लावला की त्याच्या मागे पोलादी कांबीवर हातोडा मारायचा. भीती निर्माण करणे इतके सोपे! ती घालविण्याचे अवघड काम मेरी कव्हर जोन्स या विदुषीने केले आणि 1924 मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पीटर नावाचा एक मुलगा सशाला घाबरे. तो आपल्या आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवायचा, आणि मग थोडाथोडा जवळ आणायचा. अखेर त्याच सशाला पीटर आपली बोटे कुरतडू देऊ लागला. दक्षिण आफ्रिकेतील वोल्पे या डॉक्टराने 1958 च्या आपल्या ग्रंथात याच विचाराला उपचारपद्धतीचे रूप दिले. रोग्याने आपल्या भयांची एक उतरंडच रचायची. सर्वांत क्षुल्लक भय वर, सर्वांत मोठे तळाशी. आणि मन शांत ठेवून वरचे मडके आधी उतरवायचे.

हे वाचताना मला विहिरीचा उलगडा झाला. अण्णांनी मला उतरंडीच्या तळालाच हात घालायला लावला होता. शिवाय भीती अगदी शिगेला पोहोचली असताना मला बाहेर काढले गेले. बाहेर पडताच सुटलो, एवढाच धडा माझ्या शरीराने घेतला. आणि पुढे प्रत्येक वेळी काठावरून मागे फिरून मी तोच धडा गिरवीत राहिलो. भय वाढत जाते, टोकाला पोहोचते, आणि आपण तिथेच थांबलो तर ओसरूही लागते, हा उत्तरार्ध मी कधी पाहिलाच नव्हता. कारण पूर्वार्ध संपण्यापूर्वीच मी नाटकगृहाबाहेर पडत असे.

वास्तविक हे सत्य समजण्यासाठी मला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. आमच्या भिवंडीत यंत्रमागांच्या वस्तीत नवीन बिऱ्हाड करणाऱ्याला पहिले काही दिवस झोप म्हणून येत नाही. रात्रंदिवस ती खटखट भिंतीतून अंथरुणापर्यंत येते. पण काही आठवड्यांनी तोच गृहस्थ तिच्या तालावर घोरू लागतो, आणि वीज जाऊन माग थांबले म्हणजे दचकून जागा होतो. आवाज तितकाच असतो. त्यातून काही अनिष्ट घडत नाही, हे कानाला पटलेले असते. असे असूनही पुस्तकातले ज्ञान मला एक पायरीसुद्धा उतरवू शकले नाही.

ते काम आईच्या गुडघ्यांनी केले. तीन वर्षांपूर्वी तिचे सांधे फार दुखू लागले आणि कोणीतरी अकलोलीच्या उन्हाळ्यांचे नाव काढले. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी हा तानसा नदीच्या आसमंतातला गरम पाण्याच्या झऱ्यांचा परिसर आमच्याच तालुक्यात मोडतो. दगडाने बांधलेली कुंडे, त्यांना पायऱ्या, गंधकाचा वास आणि पहाटे पाण्यावर तरंगणारी वाफ. आई स्त्रियांबरोबर एका कुंडाशी गेली. मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या कुंडाच्या काठावर पुस्तक घेऊन बसलो. शेजारी एक वृद्ध पद्मशाली विणकर बसला होता. जन्मभर मागावर उभे राहून त्याच्याही गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. माझ्या कोरड्या धोतराकडे पाहून तो म्हणाला, “साहेब, या पाण्यात उडी नाही मारायची. आधी पायाला कळू द्या, मग गुडघ्याला. घाई केली तर चटका बसेल.”

त्या साध्या वाक्याने माझी मोठीच सोय झाली. तिथे सगळेच भीतभीत उतरत होते! एका पायरीवर थांबायचे, कातडीला ऊब मानवेपर्यंत वाट पाहायची, मग खालची पायरी. माझा भित्रेपणा त्या कुंडात शिष्टाचारच ठरत होता. मी पहिल्या पायरीवर घोटे बुडवून बसलो. छाती धडधडू लागली. उठावे असे दहा वेळा वाटले. पण म्हातारा शेजारीच बसला होता, आणि त्याच्यासमोर उठण्याची लाज पळण्याच्या इच्छेपेक्षा किंचित जड ठरली. पाव तासाने धडधड आपोआप मंदावली. आयुष्यात प्रथमच मी तिला मंदावताना पाहिले.

त्यानंतर दर रविवारी पहाटे आईला घेऊन मी अकलोलीला जाऊ लागलो. माझा एकच नियम होता: भीती वाढत असताना उठायचे नाही, ती उतरली की खुशाल उठायचे. घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत जायला मला तीन रविवार लागले, कमरेपर्यंत जायला दोन महिने. मग पाण्यात बसलो. मग हनुवटी टेकविली. पावसाळ्यात एकदा शेवाळावरून पाय घसरला, क्षणभर पाणी नाकात गेले आणि आठ वर्षांचा तो मुलगा जसाच्या तसा माझ्यात जागा झाला. पुढचे दोन रविवार मी काही ना काही निमित्त काढून चुकविले. तिसऱ्या रविवारी आईच पहाटे पिशवी भरून दारात उभी राहिली. मी पुन्हा वरच्या पायरीपासून आरंभ केला. पण या खेपेस तोच मार्ग लवकर सरला. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी एक नवा अनुभव उभा राहतो व हळूहळू बळावतो, असे आजचे अनेक मानसशास्त्रज्ञ म्हणतात. मला ते पटते.

याचा अर्थ पाण्याविषयी बेपर्वा व्हावे असा नव्हे. पुरात शिरणारा धीट नव्हे, मूर्ख होय. आणि सावधगिरी ही माणसाची जुनी मैत्रीण आहे. पण मांडीभर पाण्याने ज्याचे पाय खिळतात, त्याला सावध म्हणता येत नाही. मला अजून धड पोहता येत नाही. उथळ तलावात शिक्षकाचा हात धरून चार हात मारतो, इतकेच. अण्णांवरही आता माझा राग नाही. त्यांच्या कापणाऱ्या हाताचा अर्थ मला फार उशिरा कळला. त्यांच्याजवळ त्या एकाच म्हणीचे शिक्षण होते, आणि ते चुकले हे त्या क्षणी त्यांनाही उमगले असावे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी अकलोलीला गर्दी नव्हती. आईला ओल्या पायऱ्यांची भीती वाटू लागली होती, म्हणून मी आधी उतरलो आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तिला हात दिला. तिने माझे मनगट घट्ट धरले आणि एकेक पायरी उतरत ती पाण्यात येऊन बसली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता एकदा नाशिकला जाऊन येऊ.”

आम्ही गेलो. तीच पायरी, तेच गार पाणी. छातीत धडधड झाली. ती ओसरेपर्यंत मी पहिल्या पायरीवर थांबलो. गुरुजींनी घाई केली, तेव्हा आई त्यांना म्हणाली, “थांबा जरा. तो येतोय.” मग मी उतरलो, गोदावरीचे पाणी ओंजळीत घेतले आणि अण्णांच्या नावाने सोडले.