धावणं आणि मागणं

मॅरेथॉनची तयारी म्हणजे पायांची तयारी, असं मी धरून चालले होते. चॅरिटी बिब घेतलं आणि लक्षात आलं, की त्याआधी तोंड उघडायची तयारी करावी लागते. ‘मी जानेवारीत अर्धमॅरेथॉन धावणार आहे, कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या राहण्याच्या सोयीसाठी तुम्ही काही द्याल का?’ एवढं एक वाक्य पहिल्या माणसाला फोनवर म्हणताना मला जेवढा धीर एकवटावा लागला, तेवढा पुढे सी लिंकवरच्या अंधारातही लागला नाही.

मी परळला राहते, बँकेत काम करते. शाळा संपल्यानंतर कधी पळाले नव्हते. चाळिशी उलटल्यावर शिवाजी पार्कात सकाळी चालायला जाऊ लागले. तिथे पळणाऱ्यांचा एक गट भेटला आणि त्यातले एक काका म्हणाले, “ताई, चालताय त्याच वेगाने, पण पळून बघा.” पावसाळ्यात कट्ट्याभोवती न थांबता फेऱ्या होऊ लागल्या, तसं गटाबरोबर मुंबई मॅरेथॉनला नाव घालावंसं वाटलं. तोवर नेहमीच्या नोंदणीतल्या जागा भरल्या होत्या. चॅरिटी बिब मिळेल, असं गटातल्या एकीने सांगितलं.

ही व्यवस्था मला तेव्हा मुळीच ठाऊक नव्हती. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. शर्यतीच्या निमित्ताने निधी उभारण्याचं काम युनायटेड वे मुंबई ही संस्था बरीच वर्षं पाहते आहे. तिच्याकडे नोंदलेल्या सामाजिक संस्था धावण्याचे क्रमांक, म्हणजे बिब, घेतात आणि ठरलेली किमान रक्कम जमवून देण्याची तयारी असलेल्या धावपटूंना देतात. रक्कम जमवायची ती ओळखीच्या लोकांकडून. आपल्या नावाचं एक पान तयार होतं, त्यावर कुणी किती दिलं ते दिसतं. मी अर्ज भरला आणि रात्रभर विचार करत बसले, की माझ्या सांगण्यावरून लोक पैसे का देतील?

संस्था निवडताना मात्र विचार करावा लागला नाही. परळचा माणूस टाटा हॉस्पिटलसमोरचा फुटपाथ बघत मोठा होतो. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून माणसं येतात. उपचार मिळतात, पण राहायचं कुठे हा प्रश्न उरतो. गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा कित्येक वर्षं कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते आहे, आणखीही संस्था आहेत, तरी जागा पुरत नाही. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा, आणि त्याच्या नेहमीच्या प्रकाराचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. त्यातली बरीचशी मुलं बरी होतात. म्हणजे मूल वाचू शकतं, फक्त आईबापांना तेवढा काळ शहरात किंवा शहराशी बांधलेलं राहावं लागतं. कुणाची शेती पडून राहते, कुणाचं दुसरं मूल गावी आजीपाशी वाढतं. पैसे आणि निवारा संपला की काहीजण उपचार अर्धवट टाकून परत जातात. मी ज्या संस्थेसाठी धावणार होते ती अशा कुटुंबांना खोली, स्वयंपाकाची जागा आणि उकळलेलं पाणी देते.

उकळलेल्या पाण्याचं महत्त्व मला एका आईकडून कळलं. पहाटे शिवाजी पार्ककडे निघाले की ती जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर दिसायची. बुलढाणा जिल्ह्यातली. छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल, शेजारी सहा-सात वर्षांचा मुलगा, डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क. ती बाटलीतलं उकळलेलं पाणी ओंजळीत घेऊन त्याचे हात धुवायची, मग प्रत्येक बोट वेगळं धरून स्वच्छ फडक्याने पुसायची, नखांच्या कडासुद्धा. एकदा मी थांबले तेव्हा म्हणाली, “ताई, काउंट खाली आलेत त्याचे. आता साधा ताप आला तरी धावत आत न्यावं लागतं.” केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात आणि अशा मुलाला साधा जंतूही झेपत नाही, हे मी पुस्तकातून नाही, तिच्या त्या फडक्यावरून शिकले. त्या दिवशी संध्याकाळी मी पहिला फोन लावला.

प्रशिक्षणाच्या शब्दांनीही मला सुरुवातीला गोंधळवून टाकलं होतं. इझी रन, टेंपो, इंटरव्हल, टेपर. गटाला शिकवणाऱ्या आमच्या सरांनी सांगितलेली एक कसोटी मात्र लगेच पटली: पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दम लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त झाला. रविवारी लाँग रन, मधल्या दिवसांत छोटी अंतरं, एक दिवस पूर्ण विश्रांती. हे कागदावर छान दिसतं. पण पहाटे साडेचारला उठायचं तर रात्री दहाला झोपायला हवं, आणि लोकांना फोन करायची वेळ रात्री आठनंतरचीच. माणसं निवांत घरी सापडतात ती रविवारी सकाळी, आणि तेव्हा मी वरळी सी फेसवर. सासूबाई म्हणाल्या, “तू पळतेस कधी, फोन करतेस कधी आणि जेवतेस कधी, हे एकदा लिहून काढ.” मी खरंच लिहून काढलं. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळ फक्त मागण्यासाठी राखली.

मागण्याचे नियमही हळूहळू कळले. ऑफिसात पहिला प्रश्न यायचा, “एटी-जी मिळेल का?” संस्थेकडे कलम ८०जीची मान्यता होती. पण देणगीवरची ही कर-वजावट जुन्या कर-पद्धतीतच मिळते. नवी पद्धत घेतलेल्यांना देणगीवर सवलत नाही. दोन हजारांवरची रोख देणगीही वजावटीला चालत नाही. हे सगळं मी बँकेत बसून इतरांना सांगू शकले असते, पण स्वतः मागायला लागल्यावरच नीट वाचलं. मला वाटलं होतं, सवलत नाही म्हटल्यावर लोक मागे सरतील. काही सरले. बहुतेकांनी एवढंच विचारलं, की पैसे नेमके कशाला लागणार आहेत. तेव्हा ‘कॅन्सरग्रस्त मुलांना मदत’ असं मोघम म्हणण्यापेक्षा ‘एका कुटुंबाला खोली आणि गॅस’ असं म्हटलं की समोरचा माणूस लगेच समजून घेतो.

आमच्या मजल्यावरच्या वहिनी दोन घरी पोळ्या करतात. त्यांच्याकडे मागायचं माझ्या मनातही नव्हतं. त्याच एका संध्याकाळी दारात आल्या, लग्नाच्या आहेरासारखं पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “मला तुमचं ते मोबाइलमधलं येत नाही. पण माझं नाव लिहा.” आत एकशे एक रुपये होते. मी ते संस्थेच्या कार्यालयात नेऊन दिले आणि पावती त्यांच्या नावाने फाडून घेतली. वहिनींनी ती देव्हाऱ्यामागे खोचून ठेवली आहे. माणसाला विचारलंच नाही तर त्याच्यापाशी द्यायला काय आहे हे आपणच ठरवून टाकतो, आणि तो अधिकार आपला नसतो, असं मला तेव्हापासून वाटतं.

ऑक्टोबर संपता संपता ताप आला. तपासणीत डेंग्यू निघाला. प्लेटलेट्सचं प्रमाण दीड ते साडेचार लाख असायला हवं, माझं साठ हजारांवर आलं. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. पळणाऱ्यांच्या पिशवीत नेहमी असते ती आयबुप्रोफेनची गोळी अजिबात घ्यायची नाही, कारण रक्तस्राव वाढू शकतो; तापाला फक्त पॅरासिटामॉल. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजायचं नाही, खरी जपायची वेळ ताप उतरतानाच येते. शेजारून पपईच्या पानांचा रस आला, किवी आली, डॉक्टर मात्र पाणी, पेज आणि ओआरएस यावरच ठाम होते. रोज रक्ततपासणी आणि रोज घरच्यांचा एकच प्रश्न, “आज किती?” त्या आईच्या तोंडचा ‘काउंट’ मला अंथरुणावर पडल्या पडल्या समजला. कागदावरच्या एका आकड्यावर अख्खं घर कसं श्वास धरून बसतं ते कळलं. माझं हे आठवडाभराचं होतं. तिचं वर्षानुवर्षांचं.

आजारापेक्षा त्यानंतरचा काळ मला अधिक कठीण गेला. जिना चढताना धाप लागायची, केस गळत होते, सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी पूर्वीपेक्षा बरीच वर होती. डेंग्यूत हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि पळणं पूर्ण बंद ठेवायला सांगितलं. आधी चालणं, तेही दम न लागता. नाडी पूर्ववत होईपर्यंत पुढचं नाव काढायचं नाही. गटातले लोक वीस-वीस किलोमीटर करत होते आणि मी इमारतीच्या आवारात चालत होते.

त्याच सुमारास पानावरची रक्कमही थांबली. मी फोनच करत नव्हते. धावणार की नाही हेच ठाऊक नसताना मागू कोणत्या तोंडाने? एका सहकाऱ्याने सरळ विचारलं, “तू नाही धावलीस तर आमच्या पैशांचं काय?” प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. उलट एका मैत्रिणीने माझ्या आजाराची बातमी ऐकून दुप्पट रक्कम भरली, आणि त्यानेही मी अस्वस्थ झाले. मला कुणाची कीव नको होती. पैसे मुलांसाठी हवे होते.

पडून असताना मी टेरी फॉक्सविषयी वाचलं. कॅनडाचा हा तरुण. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ साली, अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गेला. कॅन्सर-संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर जमवायचा, असं ठरवून एप्रिल १९८०मध्ये त्याने कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला सुरुवात केली. दिवसाला जवळजवळ एक मॅरेथॉन. १ सप्टेंबरला, ५,३७३ किलोमीटरनंतर, थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं, कारण कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. देश निम्म्याहून अधिक ओलांडून झाला होता. पण तो थांबल्यावर देणग्या आणखी वाढल्या, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्या दोन कोटी चाळीस लाख डॉलरांच्या पुढे गेल्या, म्हणजे त्या वेळच्या कॅनडातल्या माणशी एक. जूनमध्ये तो गेला. त्याच्यापुढे माझा डेंग्यू म्हणजे काहीच नव्हे, हे मला कळतं. तरी मला हवं होतं ते उत्तर तिथे होतं. लोकांनी पैसे किलोमीटरचे दिले नव्हते.

मग मी सगळ्या देणगीदारांना एकच निरोप पाठवला. मी आजारी होते, डॉक्टर परवानगी देतील तरच धावेन, नाही दिली तर धावणार नाही. तुमचे पैसे मात्र संस्थेकडे पोचलेले आहेत आणि कामाला लागलेले आहेत. खाली मी खोल्यांचा हिशेब लिहिला. त्या सहकाऱ्याने निरोप वाचून आणखी पाचशे रुपये भरले. काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर परवानगी मिळाली, ती अटी घालून. सरांनी पूर्वीचा तक्ता बाजूला ठेवला आणि जेफ गॅलोवेची पद्धत दिली. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या या अमेरिकन धावपटूने सामान्य माणसांसाठी थोडं पळणं, थोडं चालणं अशी रीत लोकप्रिय केली. दमल्यावर चालायचं नाही, दमण्याच्या आधीच चालायचं. मला ती इतकी मानवली, की नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आता हीच सांगते. छातीत दुखलं, चक्कर आली, तर जिथे असाल तिथे थांबायचं, असं सरांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटेच्या खास लोकल भरून चालल्या होत्या. अर्धमॅरेथॉन पाचच्या सुमारास माहीमच्या रेती बंदरापासून सुटते. गर्दी इतकी, की सुरुवातीची रेघ ओलांडेपर्यंत चालतच जावं लागलं. सी लिंकवर समुद्राचा गार वारा, आजूबाजूला हजारो बुटांचा आवाज, आणि मी घड्याळ बघून ठरल्या वेळी चालत होते. कुणी मागून “चला ताई, थांबू नका” म्हणालं की मी हात वर करायचे. हाजीअलीनंतर पेडर रोडचा चढ येतो. तिथे मी पळायचा प्रयत्नच केला नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी असलेली कुटुंबं संत्र्याच्या फोडी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, बिस्किटं पुढे करत होती. कोण कुणाचा, पण ताटं भरून आणलेली. मी बटाटा घेतला आणि चढ चालत पार केला. मरीन ड्राइव्हवर ऊन लागलं, पोटऱ्यांत गोळे आले, आणि पुढचं सगळं मी पळण्यापेक्षा चालून जास्त केलं. शर्यत पूर्ण झाली. वेळेचा आकडा गटातल्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. मी नाडी मोजली, पाणी प्यायले आणि बाकड्यावर बसले.

फुटपाथवरची ती आई जानेवारीआधीच दिसेनाशी झाली होती. तिला खोली मिळाली, की ती गावी परतली, हे दोनदा चौकशी करूनही मला कळलं नाही. संस्थेला रुग्णांची नावं सांगता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

निधीचं पान शर्यतीनंतरही काही आठवडे उघडं असतं, याची मला आधी कल्पना नव्हती. मेडल घेऊन ऑफिसात गेले त्या सोमवारी जेवढ्या जणांनी दिलं, तेवढ्यांनी शर्यतीआधीच्या अख्ख्या महिन्यात दिलं नव्हतं. आर्थिक वर्ष संपलं की संस्था देणगीदारांना वजावटीसाठी लागणारं दहा-बीईचं प्रमाणपत्र देते. कुणाचा पॅन क्रमांक चुकला आहे, कुणी पत्ता बदलला आहे, ते दुरुस्त करण्यात माझे बरेच मंगळवार-गुरुवार गेले. ते काम मी शाखेतल्या कामाइतक्याच काळजीने केलं. ज्याला वेळेवर प्रमाणपत्र मिळतं तो पुढच्या वर्षी फोन उचलतो.

या वर्षी डॉक्टर काय म्हणतात त्यावर धावणं ठरेल. फोन मात्र मी जूनपासूनच सुरू केले आहेत, नोंदणी उघडायची वाट न बघता. पहिला फोन ज्यांना केला ते आमच्या शाखेचे निवृत्त व्यवस्थापक. त्यांनी विचारलं, “या वेळी किती किलोमीटर?” मी म्हटलं, “ते अजून ठरलं नाही, साहेब. एका खोलीचं तीन महिन्यांचं भाडं कमी पडतंय.”