थ्रीडी सीटी स्कॅनमधलं ‘भोक’

“डॉक्टर, रिपोर्टमध्ये फ्रॅक्चर नाही लिहिलंय, पण फोटोत तर डोळ्याखालच्या हाडाला भोक दिसतंय!” मोटारसायकलवरून पडलेल्या एका तरुणाचे वडील रंगीत थ्रीडी चित्र माझ्यापुढे धरून विचारत होते. ऑपरेशनच्या धास्तीने घरात रात्रभर कुणी झोपलं नव्हतं.

त्यांची शंका रास्त होती. घोळ ‘फोटो’ या शब्दाने होतो. साध्या एक्स-रेमध्ये हाडांची सावली उमटते. सीटीमध्ये एक्स-रेची नळी आपल्याभोवती फिरते, शेकडो कोनांतून किरण किती अडले ते मोजलं जातं आणि त्यावरून संगणक चित्र तयार करतो. समजा, एका तक्त्यातले आकडे झाकले आणि तुम्हाला फक्त उभ्या, आडव्या, तिरप्या ओळींच्या बेरजा सांगितल्या. त्यावरून प्रत्येक चौकोनातला आकडा शोधायचा, असं हे गणित आहे.

ते सुटू शकतं हे योहान राडोन या गणितज्ञाने १९१७ मध्येच दाखवलं होतं. प्रत्यक्षात १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. त्या चित्रात ८० बाय ८० चौकोन होते. आज सहसा ५१२ बाय ५१२ असतात. हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं.

प्रत्येक चौकोनाला एक आकडा मिळतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, घट्ट हाड हजाराच्या आसपास. असे काप एकावर एक रचून थ्रीडी चित्र बनतं. हाडांचं चित्र हवं असेल तर ठराविक आकड्याच्या वरचं तेवढंच दाखवलं जातं. डोळ्याच्या खोबणीचा तळ कागदासारखा पातळ असतो. एकाच चौकोनात थोडं हाड आणि थोडी हवा आली की सरासरी खाली घसरते, ती जागा रिकामी राहते आणि आपल्याला भोक दिसतं. उलट, जागेवरून न सरकलेली बारीक चीर थ्रीडीत बुजूनही जाऊ शकते. म्हणून रेडिओलॉजिस्ट मूळ काप एकेक करून तपासतात.

मी सीडी लावून ते काप दाखवले. हाडाची रेघ सलग होती. मग थ्रीडी चित्रातली दुसरी बाजू दाखवली. मार न लागलेल्या डोळ्याखालीही तसंच भोक होतं! वडिलांचा चेहरा तिथेच सैल झाला.

स्कॅनच्या वेळी हलू नका. हललात तर गणित बिघडतं आणि चित्रात दुहेरी रेघा येतात. डॉक्टरांकडे जाताना रिपोर्ट आणि सीडी दोन्ही न्या. आणि डोळ्याला मार लागल्यावर एकाची दोन दिसू लागली, डोळा वर फिरेना किंवा गाल बधिर झाला, तर चित्र कसंही असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.