चार अक्षरांचा भात

दिवाळीच्या सुमारास मावळात भात कापणीला येतो. मग आमच्या आंबीत कुणाच्या घरी काय शिजते आहे, हे विचारावे लागत नाही, वाऱ्यावरूनच कळते. हा सुवास मातीचा, असे म्हातारी माणसे म्हणतात. कुणी तो इंद्रायणीच्या पाण्याचा म्हणतात. दोघांचेही थोडेथोडे खरे असेल. पण त्याच खाचरात, त्याच पाण्यावर बिनवासाचे बी पेरून पाहा! गुपित आहे ते दाण्याच्या पोटात.

ते तिथे कसे जपलेले असते, हे १९५३ साली केंब्रिजच्या वॉटसन आणि क्रिक यांनी उलगडले. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण संशोधनाचा त्यांना मोठा आधार झाला. त्या द्रव्याचे नाव डीएनए. रूप म्हणाल तर बैलाच्या दाव्यासारखे, दोन पदरांचा पीळ. प्रत्येक पदरात साखर आणि फॉस्फेट आळीपाळीने ओवलेले. प्रत्येक साखरेला चारांपैकी एक अक्षर लटकलेले: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन किंवा सायटोसिन. यांच्या सोयरिकी अगदी ठरलेल्या. ॲडेनिन थायमिनशीच जुळणार, ग्वानिन सायटोसिनशीच. म्हणून पदर सुटे झाले, तरी एकावरून दुसरा पुन्हा तसाच घडवता येतो. भाताच्या अशा सुमारे ३९ कोटी जोड्यांची वाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली.

गंमत पुढेच आहे. बासमतीच्या सुवासाचे मूळ शोधले, तेव्हा एका जनुकातली आठ अक्षरे गळालेली आढळली! त्यामुळे एक विकर नीट बनत नाही आणि सुवासाचे द्रव्य दाण्यात साठत जाते. उणिवेलाही असा घमघमाट सुटतो!

माणसानेही सोयरिकी जुळवल्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ जन्मली. १९८७ साली ती शेतकऱ्यांच्या हाती आली. एकाचा वास, दुसऱ्याचे भरघोस पीक.

आता आंबीभोवती कारखाने उभे आहेत. आमचाही उरलेला तुकडा विकावा, अशी यंदा घरात बोलणी निघाली. भाव चांगला आहे, हे मलाही कळते. पण कणगीत ठेवलेले बी वर्षागणिक रुजण्याची ताकद गमावते. ती कोट्यवधी अक्षरे कागदावर कायमची राहतील. दाण्यात मात्र ती दर पावसाळ्यात नव्याने उतरवावी लागतात, आणि ते काम चिखलातच होते. मी घरच्यांना एवढेच सांगितले, “येत्या ज्येष्ठात पेरणी करू, मग बोलू.”