‘ओन्ली’ची जागा

इंग्रजी शिकवण्यात तीस वर्षे गेली, त्यातली शेवटची काही मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून. एवढ्या काळात मुलांना सर्वांत जास्त छळणारा शब्द कोणता, असे कुणी विचारले तर मी एखादा जडजंबाल शब्द सांगणार नाही. ‘ओन्ली’ सांगेन. चार अक्षरी स्पेलिंग, पहिलीतल्या मुलालाही अर्थ ठाऊक. पण वाक्यात त्याला बसवायचे कुठे, हे पदवीधरालाही नीट सांगता येत नाही.

आमच्या बेळगावात कुणालाही विचारा, “व्हेअर आर यू फ्रॉम?” उत्तर येते, “हिअर ओन्ली.” पुण्या-मुंबईचे पाहुणे यावर हसतात. मला हसू येत नाही. ज्याने हे म्हटले त्याच्या मनात ‘इथलाच’ हा शब्द आहे. मराठीतला ‘च’ नेहमी शब्दाच्या पाठीला चिकटतो, म्हणून त्याचा ‘ओन्ली’ही मागे येऊन चिकटला. आणि गंमत अशी की शेजारच्या बाकावरचा कानडी मुलगाही नेमके तेच म्हणतो. कानडीत ‘इल्लि’ म्हणजे इथे आणि ‘इल्ले’ म्हणजे इथेच. ‘नानु’ म्हणजे मी आणि ‘नाने’ म्हणजे मीच. त्यांचा ‘ए’ही मागूनच येतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून इथल्या माणसांचे कशाकशावर मतभेद झाले ते सर्वांना माहीत आहे, पण ‘ओन्ली’ कुठे ठेवायचा यावर दोन्ही बाजूंचे आजवर पूर्ण एकमत आहे!

घोटाळा ‘मात्र’ या शब्दाचाही होतो. कानडीत ‘मात्र’ म्हणजे फक्त. मराठीत ‘सगळे आले, तो मात्र आला नाही’ म्हटले की तिथे ‘पण’चा अर्थ. शाळेच्या व्याकरणात आपण ‘च’, ‘देखील’, ‘पण’, ‘मात्र’, ‘सुद्धा’ यांना एकाच रांगेत उभे करून शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतो. मुले ती यादी घडाघडा म्हणतात आणि विसरतात. पावतीवर ‘अक्षरी रुपये पाचशे मात्र’ असे लिहिण्याची रीत होती, तिथे तेवढा तो जुना अर्थ टिकला. चेकवर ‘फाइव्ह हंड्रेड ओन्ली’ लिहितात ते याच जातीचे. तो ‘ओन्ली’ मागेच हवा, कारण पुढे कुणी आणखी काही शब्द घुसडू नयेत म्हणून घातलेले ते कुंपण आहे.

वर्गात मी एक वाक्य फळ्यावर लिहितो : ‘रामू लेंट मी टेन रुपीज ऑन मंडे.’ मग विचारतो, ‘ओन्ली’ कुठे घालाल? रामूच्या आधी घातला तर रामूनेच दिले, दुसऱ्या कुणी नाही. ‘लेंट’च्या आधी घातला तर उसनेच दिले, बक्षीस नव्हे. ‘मी’च्या आधी घातला तर मलाच, ‘टेन’च्या आधी घातला तर दहाच, आणि ‘ऑन मंडे’च्या आधी घातला तर सोमवारीच. मराठीत आपण शब्द जागचा न हलवता हवा तिथे ‘च’ लावतो. इंग्रजीत ‘ओन्ली’लाच पायपीट करावी लागते.

आता, रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात नियम आहे की ज्या शब्दावर जोर त्याच्या अगदी आधी ‘ओन्ली’ ठेवावा. पण तिथेच पुढे अशीही कबुली आहे की बोलताना तो बहुधा क्रियापदाआधीच येतो आणि अर्थ आवाजाच्या आघाताने कळतो. फाउलरने तर १९२६ च्या आपल्या कोशात, या बाबतीत फार काटेकोरपणा करणाऱ्यांनाच चिमटे काढले आहेत. साहेबाला ते परवडते. त्याचे पोर आईच्या तोंडून तो आघात ऐकत वाढते. आमच्या मुलांचे इंग्रजी येते कागदावरून, आणि कागदाला आवाज नसतो.

याचा फटका कसा बसतो ते सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी वडगावच्या विणकर वस्तीतल्या एक विधवा बाई मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या. कानडी लिहिता येत नाही, मराठी अर्ज चालेल की नाही याची खात्री नाही, म्हणून मधला मार्ग इंग्रजीचा. त्यांनी टंकलेखकाला सांगितले होते, “घरात माझा मुलगाच कमावतो, महिन्याला आठ हजार.” त्याने ठोकले, ‘माय सन ओन्ली अर्न्स एट थाउजंड रुपीज अ मंथ.’ कचेरीत ते ‘मुलगा आठच हजार कमावतो’ असे वाचले गेले. मग घरातल्या इतरांच्या उत्पन्नाचे दाखले कुठे आहेत, असा शेरा मारून अर्ज परत आला. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. मुलगा यंत्रमागावर, धाकटा शाळेत. इतरांचे उत्पन्न आणायचे कुठून?

“काय चुकलं ओ सर माझं? मी खरं तेच सांगितलं,” बाई म्हणाल्या.

“तुमचं काहीच चुकलं नाही, अक्का,” मी म्हणालो, आणि नवा कागद घेतला. ‘ओन्ली’ मुलाच्या आधी नेऊनही काम झाले असते. पण मी तो शब्दच गाळला आणि लिहिले, ‘नो वन इन द फॅमिली अर्न्स एक्सेप्ट माय सन.’ मुलाशिवाय घरात कुणी कमावत नाही. यात दुसरा अर्थ काढायला जागा नाही. अर्ज मंजूर झाला. ज्या कागदावर कुणाचे पैसे, जमीन किंवा नोकरी अवलंबून आहे, त्यावर शंका येताच ‘ओन्ली’ला रजा द्यावी, असे तेव्हापासून दहावीच्या वर्गाला दरवर्षी सांगतो. बोलताना खुशाल ‘हिअर ओन्ली’ म्हणा. मी गुण कापणार नाही.

एक मात्र पक्के बजावतो : प्रत्येक ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ नव्हे. ‘मी गेलोच नाही’चे ‘आय डिड नॉट गो ओन्ली’ करणारी मुले दर वर्गात चार तरी निघतात. तिथे ‘अ‍ॅट ऑल’ हवे. ‘तो येणारच’ याला ‘शुअर’ किंवा ‘सर्टन्ली’ हवे. आणि ‘आलोच’? परवा नववीतल्या एका मुलीने हे विचारले. क्रियापद भूतकाळी, माणूस अजून निघायचाय, आणि वर ‘च’ लावून खात्री! मी फळ्यावर ‘आय विल बी बॅक इन टू मिनिट्स’ असे लिहिले. मागच्या बाकावरून आवाज आला, “पण सर, ‘आलोच’ म्हणून गेलेला माणूस दोन मिनिटांत कुठे येतो?”