आशाची पारडी

छत्तीसगडने रानम्हशीला राज्यप्राण्याचा मान दिला तेव्हा तिचे कळप ओसरतच चालले होते. रायपूरच्या दक्षिणेकडील उदंतीच्या अरण्यात तर पुढे एकच मादी उरली. तिचे नाव आशा. नाव ठेवताना माणूस स्वतःलाच किती धीर देऊन घेतो!

या आशाच्या शरीरपेशींपासून कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १२ डिसेंबर २०१४ रोजी एक पारडी जन्मली. ती दीपाशा. बीजांड मात्र माणसाळलेल्या म्हशीचे होते. २०१८ मध्ये तिला नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणले गेले. ती वाढू लागली तशी पाहणाऱ्यांना तिच्यात मुऱ्हा म्हशीचे रूप दिसू लागले, आणि तिच्या रानपणाविषयीच शंका निघाली. रानाचे व गावाचे कळप एकाच चराईवर मिसळावेत आणि रानचे रक्त पिढीगणिक पातळ व्हावे, हेच तर या वंशाचे जुने दुखणे; ज्या खटाटोपाने ते टळायचे, त्याच्याच फळापाशी पुन्हा तोच प्रश्न येऊन उभा राहिला.

२०२० मध्ये आसामच्या मानस अरण्यातून रानम्हशी बारनवापाऱ्यास आणल्या. संख्या वाढेल, पण मध्य भारतातील म्हशीचे वेगळेपण त्यात टिकेल काय, याविषयी जाणकारांत एकमत नाही.

इकडे गडचिरोलीतील कोलामार्का २०१३ मध्ये रानम्हशींसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झाले. तेथल्या म्हशींना कोणी नावे दिलेली नाहीत. इंद्रावती ओलांडून त्या बस्तरात जातात, आणि परततातही.