समुद्रतळीची काळी माती

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात कामरगाव नावाचे गाव आहे. तेथून कोणत्याही दिशेस निघाले, तरी समुद्र शेकडो मैल दूर. अशा गावातील एखाद्या मुलीने ‘मी समुद्राच्या तळाचा अभ्यास करून पीएच.डी. होणार’ असे म्हटले, तर ऐकणारास हसू येईल. परंतु हसण्यापूर्वी त्याने जमिनीचा उतार पाहावा.

हा जिल्हा दोन खोऱ्यांच्या सीमेवर वसला आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस जाऊन पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. अडाण नदीचे पाणी मात्र पैनगंगा, वर्धा, प्राणहिता अशी वळणे घेत गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागरास पोहोचते. एकाच ढगातील दोन थेंब असे दोन सागरांना जातात, आणि तेही रिकाम्या हातांनी नव्हे. वावरातील काळी माती ते बरोबर घेऊन जातात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचा कातळ झाला. तो झिजून ही माती बनली. पऱ्हाटी आणि तूर जिच्यात वाढते, तीच माती गाळ होऊन समुद्राच्या तळाशी थरावर थर देत बसली आहे. या थरांचे वाचन करणारे शास्त्र म्हणजे सागरी भूशास्त्र.

आपल्या देशात या शास्त्राचे मोठे केंद्र गोव्यात दोना पावला येथे आहे. १ जानेवारी १९६६ रोजी तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तेथवरची वाट साधीच आहे. अमरावतीस वा नागपुरास भूशास्त्र घेऊन एम.एस्सी. व्हावे, राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी, मार्गदर्शक मिळवावा. वाट साधी, तिच्यावरची चार-पाच वर्षे मात्र साधी नसतात.

प्रबंधासाठी लागतो गाळ. जहाजावरून जड वजन बांधलेली लांब नळी दोराने खोल समुद्रात सोडतात. ती तळात रुतते आणि आपल्या पोटात गाळाचा उभा स्तंभ घेऊन वर येते. कधी रिकामीच येते. जहाजावर जागा मिळण्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते, आणि जागा मिळाली की समुद्र खवळतो व अन्न पोटात ठरत नाही. पुढे प्रयोगशाळेत त्या स्तंभाचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करतात, ते बारीक चाळणीवर धुतात, आणि उरलेल्या कणांतून फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचे सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलतात. ही कवचे वाळूच्या कणाएवढी! एका कापासाठी अशी शेकडो वेचावयाची, आणि असे काप शेकडो असावयाचे. या कामास बुद्धी लागतेच. पण तांदळातले खडे न कंटाळता निवडणाऱ्या आजीची चिकाटी अधिक लागते.

इतके करून हाती काय येते? २००६ साली गोठलेल्या ज्वलनशील वायूचा शोध घेण्यासाठी भारताने एक मोहीम काढली होती. तिच्या जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर, एक हजार मीटरांहून अधिक खोल पाण्यातून गाळाचा स्तंभ काढला. शोध होता वायूचा. पण गाळाला दुसरेच काही सांगावयाचे होते. अमेरिकेत एका विद्यार्थ्याने आपल्या पीएच.डी.साठी हा गाळ अभ्यासला आणि २०१२ मध्ये प्रबंध पूर्ण केला. पानांवर मेणाचा जो पातळ लेप असतो, त्याचे अंश हजारो वर्षे गाळात टिकून राहिले होते. त्यांवरून कळले, की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून दख्खनचा प्रदेश कोरडा होत गेला आणि दुष्काळ सोसणाऱ्या वनस्पती तेथे वाढल्या. पुढे, २०१७ साली, त्याच गाळावरील आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. पूर्व घाटाच्या खडकाची माती आणि आपल्या काळ्या कातळाची माती यांत निओडिमियम नावाच्या धातूचे हलके व जड अणू वेगवेगळ्या प्रमाणात असतात. त्यामुळे कोणता कण कोठून आला, हे ओळखता येते. जसजसा प्रदेश सुकत गेला, तसतसा गाळात काळ्या मातीचा वाटा वाढला, आणि गाळ साचण्याचा वेगही वाढला. झाडोरा विरळ झाला, पुढे नांगर आणि गुरे आली, मोकळी झालेली माती पावसाने नेली, असा संशोधकांनी त्याचा अर्थ लावला.

म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावरून गेलेल्या मातीची नोंद समुद्राने ठेवली होती. ती उलगडण्यास कोणीतरी परक्या देशात वर्षानुवर्षे बसले, हे कौतुकाचे खरे. पण ज्यांची माती त्यांच्या मुलांनी ती वाचू नये, असे थोडेच आहे? पावसाळ्यात नाल्याचे पाणी कोणत्या वावरातून काळे होऊन येते आणि कोठून नितळ येते, हे कामरगावच्या मुलीस पुस्तक न उघडता ठाऊक असते. दोना पावल्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्यास ते शिकावे लागेल.

प्रबंधाची अट एकच असते: आजवर कोणास ठाऊक नव्हते असे काही त्यात असावे, आणि परीक्षकांनी उलटसुलट प्रश्न विचारले तरी ते टिकावे. नव्या गोष्टींचा तुटवडा नाही. गेल्या काही दशकांत गोदावरीच्या खोऱ्यात धरणे झाली. कारंजा तालुक्यात अडाणवरही एक आहे. पूर्वी समुद्रास जाणारा बराचसा गाळ आता त्यांच्या भिंतींआड बसतो, आणि नदीच्या मुखाशी तो पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी पोहोचतो. समुद्रतळीचा सर्वांत वरचा, बोटभर जाडीचा थर याच काळातला आहे.